कोंबडी चार आण्यांची, मसाला बारा आण्यांचा

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला होता. नारळ फुटला, सत्कार झाले, जुन्या गुरुजींच्या छड्यांच्या आठवणी निघाल्या आणि शेवटी ‘शाळेला काहीतरी कायमचे देऊ या’ यावर गाडी आली. कुणी पाण्याची टाकी सुचवली, कुणी कुंपणाची भिंत. तेवढ्यात पुण्याला नोकरी करणाऱ्या एका तरुणाने खिशातून पत्त्याच्या पानाएवढा हिरवा तुकडा काढला आणि सांगितले, ‘हा अख्खा संगणक आहे. किंमत फक्त बत्तीसशे रुपये.’ तो तुकडा हातोहात फिरला. ज्यांनी आयुष्यात संगणक म्हणजे टेबल भरून टाकणारे धूड पाहिले होते, त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला. टाळ्या पडल्या. पाच बोर्ड घ्यायचे ठरले, सोळा हजार रुपये तिथल्या तिथे जमले. मीही पैसे दिले आणि टाळ्याही वाजवल्या. टेलिफोन खात्यात तीस वर्षे तारा, बॅटऱ्या आणि पॉवर सप्लाय यांच्याशी झुंजलेल्या माणसाने त्या वेळी एक तरी प्रश्न विचारायला हवा होता. मी विचारला नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा सहज शाळेत डोकावलो. संगणकांचे काय झाले, असे विचारताच बाईंनी कपाट उघडले. पाचही डबे ओळीने ठेवलेले होते, वर हार घालायचाच काय तो बाकी होता. बाई संकोचून म्हणाल्या, ‘काका, ठेवलेत जपून. पण हे लावायचं कशाला?’

त्यांना विचारायचे होते ते इतकेच, की याची वायर कुठे जोडायची. मला मात्र त्या प्रश्नाचा दुसरा अर्थही ऐकू आला, आणि तो अधिक बोचरा होता. हा लेख त्या दोन्ही अर्थांबद्दल आहे.

तुकडा आणि संगणक

एकाच सर्किट बोर्डावर प्रोसेसर, मेमरी आणि जोडणीची तोंडे बसवलेला हा संगणक जगभर गाजला तो ‘रास्पबेरी पाय’ या नावाने. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात शिकवणारे एबेन अप्टन आणि त्यांचे सहकारी यांच्या लक्षात आले होते, की संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांची संख्या घटते आहे आणि आलेल्यांनाही प्रोग्रॅम लिहिण्याचा सराव उरलेला नाही. घरातला संगणक महाग आणि नाजूक. मुलाने त्याच्याशी खेळावे असे कुठल्या आईबापाला वाटेल? म्हणून मोडला तरी हळहळ वाटू नये इतका स्वस्त संगणक करायचा, असे त्यांनी ठरवले. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीला आला. किंमत ३५ डॉलर. पहिले दहा हजार नग होते. ते घेण्यासाठी अशी झुंबड उडाली की विक्रेत्यांची संकेतस्थळे कोलमडली. २०२४ पर्यंत असे सहा कोटींहून अधिक बोर्ड विकले गेले होते.

या यशाची एक बाजू मात्र कमी बोलली जाते. मुलांसाठी निघालेल्या या बोर्डांपैकी निम्म्याहून अधिक आज कारखाने आणि उद्योगधंद्यांत जातात. कारण उघड आहे. कारखान्यात बोर्ड बसवायला इंजिनिअर असतो, खात्रीचा वीजपुरवठा असतो आणि बिघाड झाला तर दुरुस्तीला माणूस असतो. शाळेत यांतले काय असते?

३५ डॉलरच्या त्या मूळ डब्यात बोर्ड सोडून काहीही नव्हते. पेटी नाही, चार्जर नाही, कार्ड नाही, केबल नाही. पुढे २०२० मध्ये त्याच मंडळींनी ‘पाय ४००’ नावाचा नमुना काढला. त्यात बोर्ड की-बोर्डच्या पोटातच बसवला होता आणि त्याच्या पूर्ण संचात माउस, वीजपुरवठा, प्रणाली भरलेले कार्ड, केबल आणि शिकाऊंसाठी एक छापील पुस्तकही होते. त्या संचाची किंमत १०० डॉलर. तेवढ्याच मेमरीचा नुसता बोर्ड त्या वेळी ५५ डॉलरला मिळत होता. पडदा तरीही ज्याचा त्याने आणायचा. बोर्ड म्हणजे संगणक नव्हे, याची ही बनवणाऱ्यांनीच दिलेली कबुली समजायला हरकत नाही.

आमच्या शाळेचे बोर्ड याच जातीचे, पण दुसऱ्या एका कंपनीचे, आणखी स्वस्त. मी वहीत हिशेब मांडला. बोर्ड ३२०० रुपये. वीजपुरवठा ६००, कार्ड ४५०, उष्णता शोषणाऱ्या पट्टीसह पेटी ३५०, की-बोर्ड आणि माउस ६५०. तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या एका सायबर कॅफेवाल्याकडून जुना मॉनिटर २८०० ला. त्या मॉनिटरला मागे व्हीजीएचे तोंड आणि बोर्डाला एचडीएमआयचे, म्हणून केबल आणि मधला जोडतुकडा यांचे ४५०. एकूण ८५०० रुपये. त्यात ज्याला आम्ही ‘संगणक’ म्हणून टाळ्या दिल्या, त्याचा वाटा रुपयात चाळीस पैसेही नाही. म्हणीतल्या कोंबडी-मसाल्याइतके हे प्रमाण टोकाचे नाही, पण जात तीच.

विजेची आणि कार्डाची गोष्ट

पहिल्या दिवशी बाईंनी काय केले होते, तर आपल्या फोनचा चार्जर बोर्डाला लावला होता. दिवा लागला, काही क्षणांनी विझला, पुन्हा लागला. ‘यंत्र खराब आहे’ असा निष्कर्ष निघाला आणि डबा कपाटात गेला. यात बाईंची काहीच चूक नाही. चार्जरवर पाच व्होल्ट लिहिलेले होते आणि बोर्डालाही पाचच व्होल्ट हवे होते. मग बिनसले कुठे?

चार्जिंगची तार बारीक आणि लांब असते. तिचा रोध ओहमचा पाचवा हिस्सा जरी धरला, तरी तीन अँपिअरचा प्रवाह जाताना सहा दशांश व्होल्ट वाटेतच गळतात. पाच व्होल्टचे चार पूर्णांक चार होतात. फोनला त्याचे काही वाटत नाही, कारण त्याच्या पोटात बॅटरी असते. तो सावकाश भरतो. बोर्डाला बॅटरी नाही. काम वाढले, प्रवाह वाढला, व्होल्ट खाली गेले की तो बंद पडतो आणि पुन्हा सुरू व्हायला बघतो. जाड, आखूड तारेचा योग्य वीजपुरवठा लावताच पाचपैकी चार बोर्ड तासाभर न थांबता चालले. पाचव्याचे दुखणे वेगळे होते.

दुसरी गोष्ट कार्डाची. या संगणकाला हार्ड डिस्क नसते. प्रणाली आणि मुलांचे काम, सगळे नखाएवढ्या मेमरी कार्डावर राहते. हिशेबनीस अर्धी ओळ लिहीत असताना कुणी वही हिसकून घ्यावी, तसे लिखाण चालू असताना वीज गेली की होते. कधी निभावते, कधी नेमके तेच पान फाटते ज्यावर साऱ्या वहीची अनुक्रमणिका आहे. मग संगणक सुरूच होत नाही. आमच्याकडे वीज कधी जाते हे विचारण्यापेक्षा कधी असते हे विचारणे सोपे. तेव्हा येथे कार्ड बिघडणार हे गृहीत धरूनच चालले पाहिजे. उपाय अगदी साधा आहे. चांगले चालणारे एक कार्ड तयार करायचे, त्याची हुबेहूब नक्कल दुसऱ्या कार्डावर घ्यायची आणि ती कंपासपेटीत ठेवून द्यायची.

तिसरी गोष्ट घड्याळाची. नेहमीच्या संगणकात एक छोटी बटणासारखी बॅटरी असते, तिच्यावर वीज नसतानाही तारीख-वेळ चालू राहते. अशा बहुतेक स्वस्त बोर्डांत ती नसते. बंद केले की वेळ तिथेच थांबते; नंतर इंटरनेट मिळाले तर दुरुस्त होते. नेट नसेल तर मुलाने आज केलेल्या कामावर सुट्टीच्या आधीची तारीख पडते. घड्याळ फारच मागे राहिले तर सुरक्षित संकेतस्थळेही उघडेनाशी होतात, कारण त्यांच्या ओळखपत्राची मुदत संगणक आपल्या घड्याळाप्रमाणे तपासतो. शिक्षकाला मात्र वाटते, नेट बिघडले.

यांतली एकही गोष्ट अवघड नाही. दहावीच्या विज्ञानाने समजावी अशी प्रत्येक गोष्ट आहे. पण ती सांगणारा कुणीतरी लागतो, आणि तो डब्यात येत नाही.

मराठीचे चौकोन

संगणक सुरू झाला तेव्हा सगळा वर्ग भोवती जमला. मी मराठी पान उघडले आणि पडद्यावर चौकोनांची रांग आली. प्रणालीत देवनागरीचे टंकच नव्हते. ते घालणे दहा मिनिटांचे काम. माझ्याबरोबर आलेल्या भाच्याने ते केले. मग प्रश्न आला टायपिंगचा. बाईंना रेमिंग्टनचा सराव, भाच्याला इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायची सवय, आणि सरकारी प्रमाण मांडणी इनस्क्रिप्टची. मुलांना काय शिकवायचे? आम्ही इनस्क्रिप्ट ठरवले, कारण त्यात स्वर एका बाजूला आणि व्यंजने दुसऱ्या बाजूला अशी वर्णमालेची शिस्त आहे आणि रोमन लिपीचा आधार लागत नाही. जी मुलगी इंग्रजी स्पेलिंगला बिचकत होती तिने पाऊण तासात आपले नाव, आडनाव आणि गाव लिहिले. त्या दिवसापर्यंत मी या खटाटोपाकडे प्रायश्चित्त म्हणून पाहत होतो. तिचा चेहरा पाहिल्यावर तसे वाटेनासे झाले.

पाचव्या बोर्डाचे दुखणे प्रणालीचे निघाले. त्याची जात इतर चारांहून थोडी वेगळी होती आणि कंपनीने त्यासाठी दिलेली प्रणाली कित्येक वर्षांपूर्वीची. ब्राउझर इतका जुना की आजची पाने त्याला उमजेनात. शेवटी ‘आर्म्बियन’ या नावाने जगभरचे हौशी लोक अशा बोर्डांसाठी प्रणाली जुळवतात, त्यांची आवृत्ती भाच्याने शोधून काढली. स्वस्त बोर्ड घेताना हीच गोष्ट नजरेआड होते. २०१२ सालच्या रास्पबेरी पायसाठी आजही नव्याने प्रणाली निघते, म्हणून तो वापरता येतो. याउलट २०१५ मध्ये अमेरिकेत ‘चिप’ नावाचा ९ डॉलरचा संगणक लोकवर्गणीतून निघाला. त्याचा मोठा गाजावाजा झाला. २०१८ मध्ये कंपनीच बुडाली आणि प्रणाली उतरवून घ्यायची तिची ठिकाणेही बंद झाली. हौशी लोकांनी प्रती जपून ठेवल्या म्हणून ती यंत्रे अगदीच निकामी झाली नाहीत. स्वस्त यंत्राच्या पाठीशी कोण उभे आहे आणि किती वर्षे उभे राहणार, हा किमतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे.

आधीच्या ठेचा

आपण हा धडा पहिल्यांदा गिरवत आहोत असेही नाही. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून देशातील मोजक्या शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले होते. ब्रिटनमध्ये त्या यंत्राच्या जोडीला बीबीसीची दूरचित्रवाणी मालिका होती, पुस्तके होती, शिक्षकांसाठी सामग्री होती. तो सगळा सरंजाम त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या घरांसाठी केलेला; यंत्र तेवढे जहाजातून आपल्याकडे आणता आले.

पुढे ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही अमेरिकेतली मोहीम आली. शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला तो लॅपटॉप प्रत्यक्षात पावणेदोनशे डॉलरच्या पुढे गेला. आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये त्याला नकार दिला, तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात या वस्तीच्या एकशिक्षकी शाळेत त्याचा छोटा प्रयोग झाला. पहिली ते चौथीची अवघी बावीस मुले. पेरू देशाने मात्र हे लॅपटॉप लाखांनी घेतले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने तिथल्या ३१९ शाळांची पाहणी करून २०१२ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात गणित आणि भाषा या विषयांत मुलांची प्रगती झाल्याचा पुरावा मिळाला नाही. मुलांच्या हाती यंत्र आले, पण त्याचे काय करायचे हे शिक्षकांच्या हाती फारसे आले नाही.

आणि ‘आकाश’ कोण विसरेल? ३५ डॉलरच्या उपकरणाची घोषणा २०१० मध्ये झाली आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत टॅब्लेट प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीचा संथ प्रोसेसर, दाबून चालवायचा पडदा आणि लवकर संपणारी बॅटरी यांवर इतकी टीका झाली की सुधारित आवृत्ती काढावी लागली. किंमत आधी जाहीर झाली आणि तिच्यात बसेल ते यंत्र नंतर शोधले गेले, असा हा उलटा प्रवास होता.

याच्या समोर केरळचे उदाहरण ठेवावेसे वाटते. तिथे २००१ पासून ‘आयटी ॲट स्कूल’ आणि आताची ‘काइट’ ही सरकारी संस्था एकच काम सातत्याने करते आहे. मुक्त प्रणालीवर आधारलेली स्वतःची लिनक्स, मल्याळम पाठ्यपुस्तके आणि शिक्षकांचे वारंवार प्रशिक्षण. २०१८ मध्ये ‘लिट्ल काइट्स’ नावाने शाळाशाळांत मुलांची मंडळे निघाली. संगणकाची देखभाल करण्यातही ही मुले हात लावतात. केरळनेही निवडक विद्यार्थ्यांना रास्पबेरी पाय दिले, पण ते एका चालत्या व्यवस्थेत जाऊन पडले. आपल्याकडेही साहित्य नाही असे नाही. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात. आमच्या शाळेत ते कुणाला माहीत नव्हते, मलाही नव्हते.

घेण्यापूर्वीचे प्रश्न

हे सगळे आज लिहिण्याचे कारण असे, की ‘स्वस्त’ या शब्दाचाच पाया हलला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड संगणक केंद्रांनी मेमरीचा बाजार तापवला आणि २०२५ च्या अखेरीस रास्पबेरी पायलाही आपल्या बऱ्याच बोर्डांच्या किमती वाढवाव्या लागल्या. दुसरीकडे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि कार्यालयांतून चांगले चालते संगणक भंगारात निघू लागले. अशा जुन्या यंत्रावर लिनक्स घातली तर पेटी, वीजपुरवठा, डिस्क, घड्याळ सगळे जागच्या जागी मिळते. वीज जास्त खातो आणि जागा अडवतो हे खरे. पण केवळ लिहिणे, वाचणे, हिशेब आणि नेट एवढेच हवे असेल, तर शाळेने आधी त्याचा विचार करावा असे माझे मत झाले आहे. छोटा बोर्ड घ्यावा तो दिवे लावायचे, तापमान मोजायचे, मोटर फिरवायची असे प्रयोग करण्यासाठी. त्याचे खरे बळ तिथे आहे.

सरकारी खरेदी असो की गावची वर्गणी, आपण वस्तूचा सर्वांत कमी दर पाहतो आणि तिथेच थांबतो. यापुढे मी कुठल्याही मेळाव्यात पाच प्रश्न विचारणार आहे. वीज, पडदा, कार्ड यांसह पूर्ण संच केवढ्याला पडेल? वीज गेल्यावर काय होईल? ते मराठी दाखवते आणि लिहू देते का? त्याची प्रणाली आणखी पाच वर्षे कोण सांभाळणार? आणि बिघडले तर सोमवारी सकाळी शाळेतला कोणता माणूस त्याला हात लावणार? पाचव्या प्रश्नाला नाव मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट सांगणे आहे.

आमच्या शाळेचे म्हणाल, तर पाचांपैकी तीन बोर्ड लागले. त्यांच्या मसाल्याला १५,९०० रुपये लागले, म्हणजे मूळ देणगीइतकी दुसरी वर्गणी. या वेळी टाळ्या नव्हत्या. पैसे फोन करून करून मागावे लागले, कारण केबलसाठी देणगी द्यायला कुणाला हौस नसते. त्याखेरीज माझे आणि भाच्याचे चार शनिवार गेले. उरलेले दोन बोर्ड सुट्या भागांसाठी राखून ठेवले आहेत.

चौथ्या शनिवारी निघताना मी बाईंना एक कागद दिला. संगणक कसा लावायचा, बंद कसा करायचा आणि बिघडला तर कार्ड कसे बदलायचे, हे मराठीत आठ ओळींत लिहिलेले. त्यांनी तो भिंतीवर चिकटवला. महिन्याभराने त्यांचा फोन आला. रात्री वीज गेली होती, सकाळी एक संगणक सुरूच होईना. माझ्या पोटात गोळा आला. मी विचारले, ‘मग?’

‘मग काही नाही, काका. सातवीच्या मुलीने कंपासपेटीतलं कार्ड घातलं आणि चालू केला. फोन तेवढ्यासाठी केला, की आता नवीन जादा कार्ड लागेल.’

साडेचारशे रुपयांचे कार्ड मी त्याच दिवशी पाठवले. आजवर शाळेला दिलेल्या देणग्यांत एवढी लहान आणि एवढी समाधानाची दुसरी नाही.